आपल्याच जुन्या मताविरुद्ध

नमस्कार श्रोतेहो.

कोर्टात उभ्या असलेल्या वकिलाला सगळ्यात गोड क्षण कोणता वाटत असेल? समोर बसलेल्या न्यायमूर्तींचंच एखादं जुनं वाक्य हाती लागतं आणि ते त्यांनाच वाचून दाखवता येतं, तो. आता साहेब काय बोलणार, असं वाटतं. 1952 साली अमेरिकेच्या सरकारी वकिलांच्या हाती असंच एक वाक्य लागलं. बाकावर होते न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन आणि ते वाक्य त्यांनी अकरा वर्षांपूर्वी, स्वतः सरकारचे वकील असताना उच्चारलं होतं. त्या खटल्याकडे येतोच. आधी हा माणूस कुठून आला ते सांगतो.

जॅक्सन 1892 साली पेनसिल्व्हेनियात शेतकरी घरात जन्मले आणि न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला वाढले. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. जेम्सटाउन गावात एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारी केली, मध्ये एक वर्ष ऑल्बनीच्या लॉ स्कूलमध्ये काढलं आणि एकविसाव्या वर्षी सनद मिळाली. पुढची वीस वर्षं गावातली वकिली, येईल ते काम.

1934 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं त्यांना वॉशिंग्टनला बोलावलं, ते प्राप्तिकर खात्याचे मुख्य वकील म्हणून. माजी अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांच्यासारख्या गडगंज माणसाच्या कराचं प्रकरण त्यांनी लढवलं आणि तिथून पायऱ्या भराभर चढले. 1938 मध्ये सॉलिसिटर जनरल, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा मुख्य वकील. या माणसाला जन्मभर याच जागेवर ठेवायला हवं, असं न्यायमूर्ती ब्रँडाइस म्हणाल्याचं सांगतात. पण 1940 च्या जानेवारीत ते सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल झाले.

त्याच वर्षी 1 एप्रिलला देशभरचे संघीय सरकारी वकील वॉशिंग्टनमध्ये जमले होते. त्यांच्यापुढे जॅक्सन जे बोलले त्याचा दाखला आजही तिथे दिला जातो. अमेरिकेत माणसाच्या आयुष्यावर, स्वातंत्र्यावर आणि अब्रूवर सरकारी वकिलाइतका ताबा दुसऱ्या कुणाचाच नसतो, असं त्यांनी आपल्याच माणसांना सुनावलं. धोका कुठे आहे, तेही सांगितलं. आधी गुन्हा आणि मग गुन्हेगार शोधायचा, ही सरळ रीत. पण सरकारी वकील आधी माणूस निवडतो आणि मग त्याला अडकवायला कायद्याची पुस्तकं चाळतो, तेव्हा कोण सुरक्षित राहणार? आपल्याकडे हे वाक्य कुठे कुठे लागू पडेल, ते तुम्हीच बघा.

आता तारखा ऐका. 1941 चा जून. कॅलिफोर्नियात इंगलवूडला लढाऊ विमानं बनवणाऱ्या कारखान्यात संप झाला. 9 जूनला रूझवेल्टनी लष्कर पाठवून कारखाना ताब्यात घेतला. असं करायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहेच, असं अ‍ॅटर्नी जनरल जॅक्सन यांनी ठणकावून सांगितलं. आणि 12 जूनला रूझवेल्टनी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव पाठवलं. तीन दिवसांत! संशयी माणसाला यात बक्षिसी दिसेल. मला तसं वाटत नाही, कारण सरन्यायाधीश ह्यूज निवृत्त होत होते आणि जागा भरायच्याच होत्या. पण रूझवेल्टबरोबर पत्ते खेळणारा हा माणूस खुर्चीत बसल्यावर काय करील, हा प्रश्न रास्तच होता.

उत्तर 1944 मध्ये मिळालं. महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेण्याचा मार्ग रूझवेल्टच्याच हुकमानं उघडला होता. न्यायालयाच्या बहुमतानं सरकारची बाजू उचलून धरली. जॅक्सन विरोधात गेले. असा निकाल म्हणजे भरलेलं हत्यार उघड्यावर ठेवण्यासारखं आहे, निकडीचं कारण सांगणारा कुणीही अधिकारी ते उचलील, असं त्यांनी लिहिलं.

पुढच्याच वर्षी मात्र न्यायमूर्तिपद न सोडता ते जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांविरुद्धच्या खटल्यात मुख्य अमेरिकी वकील म्हणून उभे राहिले. त्यांचं आरंभीचं भाषण गाजलं, बडा नाझी नेता गोअरिंगच्या उलटतपासणीत मात्र त्यांची दमछाक झाली. न्यायाधीशानं पुन्हा वकिलाचा डगला चढवणं मला तरी खटकतं. त्यांचे सरन्यायाधीश स्टोन यांनाही ते आवडलं नव्हतं.

माझा लाडका प्रसंग 1950 च्या डिसेंबरमधला आहे. डेन्मार्कचा एक नागरिक 1939 च्या ऑगस्टमध्ये पाहुणा म्हणून अमेरिकेत आला आणि महायुद्ध पेटल्यामुळे अडकला. तटस्थ देशाचा म्हणून त्यानं लष्करभरतीतून सूट मागितली. सूट मागणाऱ्या ‘रहिवासी’ परक्याला पुढे नागरिकत्व मिळत नसे. मग हा अडकलेला पाहुणा ‘रहिवासी’ म्हणायचा का? नाही, असं न्यायालयानं ठरवलं. पंचाईत अशी की 1940 मध्ये याच शब्दावर अ‍ॅटर्नी जनरल जॅक्सन यांनी उलट मत दिलेलं होतं.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी वेगळं टिपण लिहिलं. माझं ते मत त्या कायद्याइतकंच धूसर होतं, म्हणाले. त्या मतानुसार नाइलाजानं एक रात्र मुक्काम पडलेला परकाही रहिवासी ठरला असता! मग जुनं मत मागे घेणाऱ्यांचे दाखलेच त्यांनी मांडले. ‘तेव्हा मला जसं दिसलं असं दिसतं, तसं आता दिसत नाही,’ म्हणणारे इंग्लंडचे न्यायाधीश बॅरन ब्रॅमवेल. आपल्याच शब्दकोशातल्या चुकीबद्दल ‘अज्ञान, निव्वळ अज्ञान’ म्हणणारे डॉक्टर जॉन्सन. माझ्यासारख्या हुशार माणसानं असं मत दिलंच कसं, याचं नवल करणारे इंग्लंडचेच न्यायाधीश लॉर्ड वेस्टबरी. आणि शेवटी, जुनं मत हसतमुखानं सोडायच्या आणखी काही तऱ्हा असतील तर त्याही सगळ्या मी वापरतो, असं लिहून मोकळे झाले. वकिली केलेल्या माणसाला हे वाचताना हसू येतं आणि थोडा घामही फुटतो.

तर आता 1952. कोरियात युद्ध चालू, पोलाद कामगारांचा संप तोंडावर. 8 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सरकारी वकिलांनी इंगलवूडचा दाखला काढला. न्यायमूर्ती महाराज, हे तर आपलंच म्हणणं!

2 जूनला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, सरकारच्या विरोधात. त्या सहांत ट्रूमनचेच माजी अ‍ॅटर्नी जनरल टॉम क्लार्क होते आणि जॅक्सनही. त्या दाखल्याचा समाचार जॅक्सननी एका तळटिपेत घेतला. एका पक्षाच्या वकिलानं वृत्तपत्रांसाठी काढलेली, स्वतःच्या सोयीची निवेदनं राज्यघटनेच्या प्रश्नावर आधार म्हणून न्यायाधीशाला स्वीकारता येत नाहीत, मग तो वकील म्हणजे न्यायाधीश स्वतःच का असेना.

ट्रूमननी लगेच कारखाने मालकांना परत केले. कामगार संपावर गेले, तो संप पन्नासहून अधिक दिवस चालला.

नमस्कार.