आधी तळवा, मग बोटं

(सोलापुरात गिटार शिकणाऱ्यांपुढं झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मागं बसलेले पुढं या की. खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि मी कुणालाही वाजवायला उठवणार नाही.

विषय तुम्हाला माहीत आहे. अंगठ्यानं जाड तारांवर बेस, म्हणजे खालचे सूर, आलटूनपालटून चालू ठेवायचा, बोटांनी चाल काढायची, आणि तो बेस तळव्यानं दाबून ठेवायचा. पाम म्यूटिंग. मागाच्या खटखटीची उपमा मी देणार नाही. या गावात तालावर बोलायला उभा राहिलेला प्रत्येकजण ती देतो, विणकरांच्या पूर्व भागात कधी पाऊल न टाकलेलासुद्धा.

माझं म्हणणं एवढंच की हे आपल्याकडं उलट्या क्रमानं शिकवतात. आधी बोटांचे पॅटर्न घोटून घ्यायचे आणि सहा महिन्यांनी सांगायचं, "आता तळवा टेकव." तळवा टेकला की अंगठ्याचा कोनच बदलतो, सगळी घोटाई पाण्यात. तळवा पहिल्याच दिवशी टेकला पाहिजे. का, ते सांगतोच. पण आधी या दाबलेल्या बेसचे वैरी कोण ते ऐका.

साउंडवाले. इथं कुणी असतील तर चहा माझ्याकडून. एका गणेशोत्सवात मला वाजवायला बोलावलं. मंडळाचं नाव घेत नाही, वर्गणी अजून त्यांनाच द्यायची असते. साउंड चेकला अंगठा सुरू केला: धप, धप, धप, धप. मिक्सरवरचं पोरगं ओरडलं, "सर, वायर गेलीय, आवाज मरतोय!" म्हटलं, मीच मारतोय. "कशाला?" आता या "कशाला"चं उत्तर द्यायला मला आजची संध्याकाळ लागतेय, तिथं निवेदिका माइक ओढत होती. त्यानं वायर बदलली. मग पिन बदलली. मग माझ्याकडं दयेनं बघितलं, बेसचं बटण फिरेल तेवढं फिरवलं आणि वर इको सोडला. आपल्याकडं इकोशिवाय कार्यक्रम शास्त्रोक्त होत नाही. आरतीला इको, हरवलेल्या पोराच्या घोषणेला इको. पोरगं एक आणि आईबाप चार असल्यासारखं वाटतं. पहिल्या रांगेतले एक आजोबा छातीवर हात ठेवून उठले आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. चाल माझ्या बायकोलाही ऐकू आली नाही, आणि ती स्टेजच्या पायरीवर होती. तेवढ्यात पाहुणे आले, नारळ झाले, सत्काराला चादर दिली. चादर चांगली होती, तक्रार नाही.

बरं, ही दाबादाबी काही माझी खोड नव्हे. अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस, जन्म १९१७, केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीचा, कोळशाच्या खाणींचा मुलूख. अंगठ्यात थंबपिक, म्हणजे तार छेडायची अंगठ्यात घालायची नखी, आणि जोडीला बहुतेक वेळ एकटी तर्जनी. पुढं स्वतःही मोठा गिटारवादक झालेल्या चेट अ‍ॅटकिन्सनं त्याला सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू रेडिओवर ऐकलं. रेडिओवर हात थोडाच दिसतो! एका बोटाचं हे काम नव्हे असं धरून त्यानं आणखी बोटं कामाला लावली, आणि त्यातून त्याची स्वतःची शैली उभी राहिली. दोघांचा बेस ऐका. घुमत नाही, ठोके देतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. सातला हॉल भजनी मंडळाचा आहे. मग भराभर.

का दाबायचं? तीच तार पुन्हा छेडली तर तिचा आधीचा नाद अंगठाच तोडतो. इथं अंगठा उड्या मारतो आणि मागची तार गुंजतच राहते. सी कॉर्डला पाच-चार-सहा-चार या तारा वाजवा (सगळ्यात पातळ ती पहिली, जाड ती सहावी), सहावी तिसऱ्या पडद्यावर धरून. एका फेरीत तिन्ही जाड तारा घुमायला लागतात आणि चाल त्यात बुडते.

कुठं टेकवायचा? करंगळीकडची तळव्याची कड, अर्धी सॅडलवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या खालच्या पट्टीवर, अर्धी तारांवर. स्टीलच्या तारांच्या गिटारला सॅडल तिरकं असतं, जाड तारांकडं मागं सरकलेलं; कडही तशीच तिरकी ठेवा. जराशी साउंडहोलकडं, गिटारच्या गोल भोकाकडं, गेली की सूर मेला, नुसता ठोका उरतो. मागं गेली की तार मोकळी. सूर ओळखू यावा, पण लांबू नये, ती जागा कानानं शोधायची. दाबायच्या फक्त चार, पाच, सहा. पातळ तिन्ही मोकळ्या. तबलजींना हे पटकन जमतं. डग्ग्यावर त्यांचं मनगट असंच टेकलेलं असतं, वजन कमीजास्त होतं, हात उचलत नाहीत.

सराव? मेट्रोनोम, ते ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठवर, आधी नुसता अंगठा, तळव्यासकट. मग पहिल्या ठोक्यावर अंगठ्याबरोबर एक पातळ तार. मग दोन ठोक्यांच्या मधला सूर. इथं तळवा हमखास उचलला जातो. उचलला की मधले सूर कमी करा, अंगठा थांबवू नका. मनगट वाकवावं लागत असेल तर थंबपिक घाला, तेवढी लांबी मिळते.

बुवा पेटीसकट दारात आलेत. गिटार बाहेर व्हरांड्यात ठेवतो, हात टेकवून बघा. थंबपिक एकच आणलंय, खिशात जाऊ देऊ नका.