उतरायची तयारी

(दृश्य : पर्वती. अजून पुरतं उजाडलेलं नाही.)

पर्वतीला १०३ पायऱ्या. चढताना त्या मोजणारे पुष्कळ. कोण किती मिनिटांत वर आला, याच्या गप्पाही वर रंगतात. उतरताना सहसा कुणी मोजत नाही. आज एक काकू मोजतायत. वय साठीच्या अलीकडे. कठड्याला हात नाही, घाई नाही, पाऊल असं टेकवतात की चपलेचा आवाजही येऊ नये.

जानेवारीअखेर त्या गुलमर्गला निघाल्यात. बर्फात फोटो काढायला नव्हे, स्कीइंग शिकायला.

"रोज टेकडी चढतेस, तुला काय होतंय?" असं घरचे म्हणाले. गफलत होते ती इथंच. स्कीइंग, म्हणजे पायांना लांब पट्ट्या (स्की) लावून बर्फावरून घसरणं, हा सगळा उतरण्याचा खेळ. वर न्यायला लिफ्ट असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होताच वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी हॉटेलचा जिना नको होतो. राजगडावरून उतरून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : घरातली खोली. भिंत, सतरंजी, लोखंडी घडीची खुर्ची.)

योगासनांना खुर्ची, पट्टा, भिंतीतले दोर लावायची पद्धत पुण्याला नवी नाही. बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ साली इथंच संस्था उभी केली, आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत खुर्ची बसण्यापेक्षा आसनांसाठीच जास्त वापरली जाऊ लागली.

काकूंचं उत्कटासन बघा, नसलेल्या खुर्चीत बसल्यासारखं. पाठ भिंतीला नाही, टाचा जमिनीवर, गुडघे बोटांच्या रेषेत. आता नडगी पुढं झुकते. स्कीच्या बुटात नेमकी हीच गोष्ट लागते. तो बूट प्लास्टिकचा, कडक. नडगी पुढच्या पट्टीवर रेलली की स्की ऐकते, घाबरून मागं बसलात की ती आपली आपण सुटते. नवशिक्यांना वेग आवरायला स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब ठेवायला सांगतात, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. तेव्हा मांड्यांची आतली बाजू भरून येते.

एक स्पष्ट सांगायला हवं. नुसत्या आसनांनी भागत नाही. लवचीक माणूसही तिसऱ्या दिवशी दुपारी थकतो, आणि थकलेला गुडघा वळायच्या वेळी दगा देतो. म्हणून पर्वती. म्हणून उतरताना मोजणं.

(दृश्य : गुलमर्ग. देवदार, बर्फ, गोंडोला म्हणजे दोरावरचा पाळणा.)

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा आणखी वर, अफरवट शिखराच्या अंगावर, ३,९०० मीटरच्या पुढं नेतो. नवशिक्यांचं काम खालच्या उतारावरच. इथं हवा विरळ. पहिल्या दिवशी काकू नुसत्या हिंडल्या, पाणी प्यायल्या. प्राणायामही साधाच, श्वास रोखून धरायचा हट्ट पुण्यात ठेवून आल्या.

सकाळी थंड अंगाला ताणायचं नाही. खोलीतच दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे, घोटे, मग बाहेर. पडताना काठी हातातच राहिली तर अंगठा मुरगळतो, हे त्यांना प्रशिक्षकानं पहिल्याच तासाला बजावलं. पडल्या त्या अकरा वेळा. हेही मोजलं होतं.

तिसऱ्या दिवशी चार वाजता ग्रुपमधले म्हणाले, "काकू, शेवटची एक फेरी!" काकूंनी बूट सोडायला घेतले.

(दृश्य : हॉटेलची खोली. बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटलेली.)

हॉटेलच्या मुलाकडं त्यांनी खुर्ची मागितली. त्यानं ती खिडकीपाशी नीट मांडली, वर उशी ठेवली. काकूंनी उशी काढून जमिनीवर टाकली, पाठीवर आडव्या झाल्या आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर टाकून डोळे मिटले. कहव्याचा पेला हातात घेऊन तो दारातच उभा. ठेवायचा कुठं, हे त्याला कळेना.