दुभाषे संत : वसईचे गोन्सालो गार्सिया

मंडळी, संत गोन्सालो गार्सिया म्हटलं की आपल्याला क्रूस आणि भाले आठवतात. चित्रंच तशी काढलेली आहेत. पण त्या क्रुसापर्यंत त्यांना नेलं ते जपानी भाषेनं, आणि आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्यांच्या दुभाष्याच्या कामाबद्दल.

जन्म १५५६च्या सुमारास, वसईत. वडील पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. किल्ल्यात येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइट धर्मसंघाच्या लोकांकडे, शिक्षण झालं आणि पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबरच ते जपानला गेले. तिथं सुमारे आठ वर्षं धर्मशिक्षकाचं काम केलं. लोकांत राहून जपानी शिकले, तेही अस्खलित. येशूसंघात प्रवेश मात्र मिळाला नाही. मग काही वर्षं व्यापार केला, मनिलाला गेले आणि फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात धर्मबंधू झाले. धर्मबंधू म्हणजे धर्मगुरू नव्हे, हे ध्यानात घ्या. त्यांना मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करता येत नसे की पापनिवेदन ऐकता येत नसे. त्यांच्या नावामागे ‘फादर’ लावलेलं दिसलं तर ती चूक आहे.

१५९३ साली जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी फिलिपिन्सकडे शरणागती मागत होता. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना वकील म्हणून पाठवलं, दुभाषे अर्थातच गोन्सालो. अशा दरबारात एखादं क्रियापद जास्त नम्र झालं तरी त्याचा अर्थ मांडलिकत्व असा घेतला जाऊ शकतो. हे तारेवरचं काम त्यांनी निभावलं. राजधानी क्योटोत जागा मिळाली, १५९४मध्ये चर्च उभं राहिलं, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयही झालं.

इथंच पुढच्या संकटाचं मूळ आहे. मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीनं १५८७मध्येच काढला होता. तो कडकपणे राबवला जात नव्हता, पण रद्दही झाला नव्हता. म्हणून येशूसंघीय जपून वागत. जपान हे आपलंच कार्यक्षेत्र, असा त्यांचा पोपच्या १५८५च्या आदेशावर बोट ठेवून दावा होता, त्यामुळे फ्रान्सिस्कनांचं येणं त्यांना रुचलं नव्हतं. फ्रान्सिस्कन मात्र वकिलातीच्या आडोशानं राजधानीत उघडपणे मिस्सा करू लागले. माझ्या मते हा भाबडेपणा होता. हिदेयोशीनं दिलेली मुभा त्यांनी कायमचा परवाना समजली.

ऑक्टोबर १५९६मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेलं ‘सान फेलिपे’ हे गलबत वादळात सापडून शिकोकू बेटावरच्या तोसाच्या किनाऱ्याला लागलं. माल प्रचंड होता. कोरियातल्या युद्धानं आणि त्याच वर्षीच्या भूकंपानं हिदेयोशीचा खर्च वाढलेला होता. माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य, असं जहाजाचा सुकाणू धरणारा बोलून गेला, असं सांगतात. तो खरंच काय बोलला यावर आजही वाद आहे. डिसेंबरमध्ये धरपकड झाली.

नाक-कान कापण्याचा हुकूम होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्यानं तो सौम्य केला आणि क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापला गेला. मग ऐन थंडीत, गावोगाव धिंड काढत, नागासाकीपर्यंत नेलं. निघाले तेव्हा चोवीस जण होते, वाटेत दोघांची भर पडली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा जपानी प्रापंचिक. सर्वांत लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. सहा फ्रान्सिस्कनांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपले वसईचे.

५ फेब्रुवारी १५९७, निशिझाका टेकडी. चित्रकारांनी इथं हमखास खिळे दाखवले आहेत. जपानी पद्धतीत खिळे नव्हते. क्रुसाला हातांसाठी एक आडवं लाकूड, पायांसाठी दुसरं, आणि मध्ये देहाचा भार पेलायला एक खुंटी. मान, मनगटं आणि घोटे लोखंडी कड्यांत अडकवायचे, क्रूस उचलून खड्ड्यात रोवायचा, मग दोन बाजूंनी दोन भाले बरगड्यांतून वर खांद्याकडे. मरण लवकर येई.

सन १६२७मध्ये ते धन्यवादित झाले, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी; संतपद मात्र ८ जून १८६२ला, पोप नववे पायस यांच्या हातून, सव्वीसही जणांना एकत्र. मध्ये सव्वादोनशेहून अधिक वर्षं गेली. त्यांतली बहुतेक वर्षं जपानची दारं बंद होती आणि इकडे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. ‘पहिले भारतीय संत’ म्हणताना हा तपशील सोडू नये: केरळच्या सिस्टर अल्फोन्सा यांना २००८मध्ये संतपद मिळालं ते स्वतंत्रपणे, गोन्सालो यांना गटात मिळालं. म्हणूनच रोमच्या पंचांगात ६ फेब्रुवारीचा सण ‘पाउलो मिकी व सहकारी’ या नावानं छापला जातो; मिकी हे त्या तीन येशूसंघीयांपैकी एक. पाच तारीख संत आगाथा यांची, म्हणून एक दिवस पुढे.

नागासाकीत ओउरा चर्च याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलं आहे, आणि तिथंच मार्च १८६५मध्ये अडीचशे वर्षं लपून राहिलेले जपानी ख्रिस्ती पहिल्यांदा धर्मगुरूंपुढे आले. निशिझाकावर १९६२मध्ये स्मारक झालं. तिथल्या सव्वीस कांस्यमूर्तींत गोन्सालोही आहेत. वसईत त्यांच्या नावानं गासचं चर्च आणि एक महाविद्यालय आहे. किल्ल्यात गेलात तर येशूसंघीयांच्या चर्चशी जरूर थांबा. ते घडले ते त्याच शाळेत.