जुन्या गाडीचा दिवा: चालवावी, थांबवावी की घेऊच नये?

(जुनी चारचाकी घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधू-भगिनींनो, जुनी गाडी पाहायला गेल्यावर मीटरवर एखादा लाल किंवा पिवळा दिवा दिसला, की आपल्यापुढे खरे तर दोन प्रश्न उभे राहतात आणि आपण ते एकमेकांत मिसळून टाकतो. ही गाडी आत्ता इथून पुढे चालवावी का, हा पहिला; आणि ही गाडी घ्यावी का, हा दुसरा. एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी बीडहून परळीपर्यंत बिनतक्रार येईल, पण ती विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करावा लागेल. उलट, रेडिएटरची नळी फुटून तापमानाचा लाल दिवा लागलेली गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. मात्र ती वेळीच थांबवली असेल, तर नळी बदलून तीच गाडी खुशाल घेण्याजोगी असू शकते.

रंगांचा ठोकताळा आपल्या सर्वांना माहीत आहे: लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर तपासून घ्या, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. सुरुवातीला एवढे पुरते, पण निर्णय रंगावर सोडता येत नाही, कारण सीट बेल्टचा दिवाही लालच असतो आणि लुकलुकणारा पिवळा चेक इंजिनचा दिवा कधी कधी लालइतकाच गंभीर असतो. म्हणून मी नेहमी असे विचारायला सांगतो, की हा दिवा ज्या यंत्रणेबद्दल बोलतो आहे ती पुढच्या दहा मिनिटांत पूर्ण बंद पडली, तर काय होईल?

या कसोटीवर सर्वांत वर येतो तो तेलाच्या झारीचा लाल दिवा. हा दिवा इंजिनमध्ये ऑइल किती आहे हे सांगत नाही, ऑइलचा दाब पडला आहे हे सांगतो. क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि तो दाबामुळे टिकतो. दाब गेला, की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होऊ शकते. त्यामुळे ‘पुढच्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ’ हा विचार इथे चालत नाही. गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, थोड्या वेळाने डिपस्टिक पाहावी. ऑइल खुणेपर्यंत भरलेले असूनही दिवा लागत असेल, तरी गाडी चालवू नये, कारण बिघाड किरकोळ किमतीच्या प्रेशर स्विचचाही असतो आणि ऑइल पंपाचाही असतो, आणि यांतला फरक गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावल्याशिवाय कळत नाही. गाडी टोचन करून न्यावी. बऱ्यापैकी पळालेल्या डिझेल गाड्यांत आणखी एक प्रकार दिसतो: इंजिन गरम झाल्यावर गाडी उभी असताना हा दिवा मंद लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर दाबताच विझतो. विकणारा म्हणतो, ‘गरम झाल्यावर होतं तसं, काही नाही त्यात.’ त्यात बरेच काही असते. बेअरिंग झिजलेली असण्याची शक्यता धरून, इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करूनच पुढे बोलावे.

तापमानाच्या दिव्याबद्दल आपल्या भागात अधिक सावध राहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, एसी चालू असतो आणि बाजाराच्या दिवशी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत असते. त्यात आपल्याकडची सवय अशी, की कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतायचे. आपल्या बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत खपली धरून बसतात. म्हणून गाडी पाहताना इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीत डोकवावे. आतील द्रव हिरवा, गुलाबी किंवा निळा आणि स्वच्छ असेल तर ठीक. गंजाच्या रंगाचा किंवा पांढुरका गाळ असेल, तर मालकाने वर्षानुवर्षे पाणीच वापरले आहे असे समजावे. त्यानंतर इंजिन ऑइल भरायचे झाकण उघडून त्याची खालची बाजू पाहावी. तिथे दुधाळ, खाकी रंगाचा चिकट थर जाड बसलेला असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखाली, म्हणजे हेडखाली, बसवलेले सील) जाऊन पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची दाट शंका घ्यावी.

चालत्या गाडीत हा दिवा लागला, तर एसी बंद करून लगेच सुरक्षित जागी थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन अंगावर येते. किमान अर्धा तास थांबावे. आणखी एक फसवी गोष्ट आहे. कूलंट पूर्ण वाहून गेले, की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा कधी कधी खाली येतो. चालकाला वाटते गाडी थंड झाली, आणि तो निघतो. तोपर्यंत ॲल्युमिनियमचे हेड वाकलेले असते.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असल्यानेही लागतो, म्हणून आधी तो पाहावा. हँडब्रेक खाली असूनही दिवा असेल, तर उभ्या गाडीत ब्रेक पेडल जोराने दाबून धरावे. पेडल मऊ लागले किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिले, तर गाडी हलवूच नये. पेडल घट्ट असेल आणि ब्रेक ऑइल खालच्या खुणेपाशी आले असेल, तर बहुधा पॅड झिजले आहेत. जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येईल. एबीएसचा, म्हणजे चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, एकटा पिवळा दिवा लागला, तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाके लॉक होऊ शकतात. पावसाळ्यात शेतरस्त्याने आलेल्या गाडीत चाकाजवळच्या सेन्सरवर काळी माती घट्ट बसल्यानेही हा दिवा लागतो आणि धुतल्यावर जातो. परंतु एबीएसचा पिवळा आणि ब्रेकचा लाल असे दोन्ही दिवे एकत्र लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही गेलेली असू शकते; अशी गाडी घेऊन कन्नडच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतरणे म्हणजे विनाकारण संकट ओढवून घेणे होय.

बॅटरीच्या दिव्याबद्दल थोडक्यात सांगतो. चार्जिंग बंद झाले तरी गाडी बॅटरीवर काही अंतर जाते. मात्र बॉनेट उघडून बेल्ट जागेवर आहे ना, हे आधी पाहावे, कारण अनेक गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप चालतो आणि बेल्ट तुटला असेल तर पाठोपाठ इंजिन तापते.

आता चेक इंजिनचा पिवळा दिवा. हा स्थिर लागलेला असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल, आवाज आणि वास नेहमीचाच असेल, तर सहसा गॅरेजपर्यंत चालवायला हरकत नसते. पेट्रोल टाकीचे सैल झाकण, ऑक्सिजन सेन्सर, उंदराने कुरतडलेली वायर, नीट न जुळवलेला सीएनजी किट अशी कितीतरी कारणे त्यामागे असतात. परंतु पेट्रोल गाडीत हाच दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके मारत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे जात असते आणि तिथल्या धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते. तो महागडा भाग वितळू शकतो आणि गाडीखालच्या वाळलेल्या गवताला आग लागण्याचा धोकाही असतो. अशा वेळी वेग कमी करून थांबावे.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी जाळी असते, तिचा वेगळा दिवा असतो. शहरात फक्त छोट्या फेऱ्या मारलेली गाडी आपल्याकडे विकायला आली, की हा दिवा बऱ्याचदा लागतो, कारण जाळीतील काजळी जळायला धूर पुरेसा गरम व्हावा लागतो. एकटा हाच दिवा असेल, तर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवल्यावर तो बहुधा जातो. त्याच्या जोडीला चेक इंजिनही लागला असेल, तर जाळी फार भरलेली असण्याची शक्यता असते. मग समृद्धी महामार्गावर पळवून ती साफ करण्याच्या फंदात पडू नये.

इथपर्यंत आपण लागलेल्या दिव्यांबद्दल बोललो. जुन्या गाडीच्या व्यवहारात मला त्याहून जास्त काळजी वाटते ती न लागणाऱ्या दिव्यांची. गाडी थंड असताना चावी फिरवावी, पण स्टार्टर मारू नये. या वेळी ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे लागलेच पाहिजेत. बल्ब चालू आहेत हे गाडी त्यातून दाखवते. एखादा दिवा लागलाच नाही, तर बल्ब काढलेला, त्यावर काळी टेप चिकटवलेली किंवा वायर तोडलेली असू शकते. मग दिवे विझण्याचा क्रम पाहावा. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे आपापली तपासणी करून काही सेकंदांत आपोआप विझतात; ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र इंजिन सुरू झाल्यावरच विझतात. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर रेंगाळत राहिला आणि नेमका ऑइलच्या दिव्याबरोबर, त्याच क्षणी विझला, तर कोणीतरी त्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून दिली असावी. म्हणजे अपघातात एअरबॅग फुटली असेल आणि पुन्हा बसवलीच नसेल. गाडीगणिक हा क्रम थोडा बदलतो, म्हणून त्याच मॉडेलची दुसरी गाडी पाहून तुलना करणे उत्तम.

दुसरी लबाडी स्कॅनरने कोड उडवण्याची. दोष आढळला, की गाडीचा संगणक त्याचा क्रमांक साठवून ठेवतो, तो कोड; आणि तो वाचणारे व पुसणारे यंत्र म्हणजे स्कॅनर. ग्राहक येण्याआधी कोड पुसला, की दिवा जातो आणि काही दिवसांनी परत येतो. त्यावर उपायही स्कॅनरच आहे. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला जोडायचे, मोबाइलवर चालणारे साधे यंत्र हल्ली स्वस्तात मिळते, आणि ते कोडखेरीज आणखी बऱ्याच गोष्टी दाखवते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली आणि दिवा लागलेला असताना किती चालली, हे दोन्ही आकडे अनेक गाड्यांत वाचता येतात. विकणारा ‘कालच लागला हो दिवा’ म्हणत असताना दुसऱ्या आकड्यात काही हजार किलोमीटर दिसले, तर आणखी पुराव्याची गरज राहत नाही. पहिला आकडा जेमतेम आठ-दहा असेल आणि गाडीचा संगणक स्वतः करतो त्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील, तर कोड नुकताच पुसला असण्याची दाट शंका घ्यावी. आणखी चार-पाच दिवसांनी, तीच गाडी थोडी चालल्यावर पुन्हा पाहायला यावे.

कोड दिसला म्हणून दोष सापडला असे मात्र नव्हे. ‘मिश्रण पातळ’ असा कोड हवेच्या गळतीने येतो, दमलेल्या पेट्रोल पंपाने येतो आणि घाणेरड्या एअर सेन्सरनेही येतो; मेस्त्रीने कोड वाचून थेट भाग बदलायला काढला, तर त्याला थांबवून कारण विचारावे. पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तर आज एक, उद्या दुसराच असे दिवे लागत राहतात, कारण वायरिंगच्या जोडण्यांत गंज धरलेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यांत नद्यांचे पाणी गावांत शिरले होते, त्यामुळे पुरातली गाडी मुंबईचीच असते असे धरून चालू नये. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का, आणि डिकीतील स्टेपनीखालच्या खळग्यात गाळ आहे का, हे पाहावे. अशी गाडी आज धडधाकट चालत असली, तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाकी गाड्यांच्या बाबतीत दिवा लागलेला असणे हे नकाराचे कारण नाही. विकणाऱ्याने दिवा तसाच ठेवून, कोड न पुसता, आपल्या ओळखीच्या मेस्त्रीसमोर स्कॅनर लावू दिला, दुरुस्तीचा अंदाज लेखी मिळाला आणि तो किमतीतून वजा झाला, तर व्यवहार करावा. बयाणा देताना पावतीवर कोडचा क्रमांक, त्या दिवसाचे मीटर रीडिंग आणि दुरुस्ती कोणाच्या खर्चाने होणार हे लिहून घ्यावे, आणि दिवा ऑइलचा, तापमानाचा किंवा ब्रेकचा असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी विकणाऱ्याच्याच दारात उभी राहू द्यावी.