वहीवरचा शेरा आणि मुलाचा शाळेवरचा विश्वास

नमस्कार. पावसाळ्यातली सकाळ आहे आणि गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत दोन मुले उशिरा पोहोचली आहेत, असे समजा. गावातल्या मुलाला बाई विचारतात, ‘पावसात अडकलास का रे?’ बांधकामावरच्या कन्नड मजुराच्या मुलाला मात्र ऐकावे लागते, ‘तुमचं हे रोजचंच!’ हजेरीपटावर दोघेही हजरच लागतात. पण दुसऱ्याने त्या दिवशी शाळेविषयी काय ताडले, ते कुठल्याच प्रगतिपुस्तकात उमटत नाही.

अल्पसंख्य समाजातली मुले मागे पडली की आपण घरची गरिबी, भाषा, शिकवणी यांकडे बोट दाखवतो. ती कारणे खरीच आहेत. परंतु ही शाळा आपल्याला न्यायाने वागवील का, याचा अंदाज मूल रोज घेत असते, आणि तो अंदाज वाईट निघाला तर चूक सुधारण्यासाठी कष्ट घेणे त्याला व्यर्थ वाटू लागते.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेला एक छोटा प्रयोग इथे फार बोलका आहे. सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखे तपासले. मग काहींच्या निबंधाला साधी चिठ्ठी जोडली, तर काहींच्या चिठ्ठीत लिहिले की तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि त्या तू पूर्ण करशील याची खात्री आहे, म्हणूनच या सूचना. निबंध पुन्हा लिहिणे ऐच्छिक होते. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी सुमारे 17 टक्क्यांनीच तो लिहिला. दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांत हे प्रमाण 70 टक्क्यांच्या पुढे गेले. लाल शाई कमी केली नव्हती, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते.

भारतात अर्थतज्ज्ञ रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी उत्तरपत्रिकांवर सोडत काढल्यासारखी कोणतीही जात लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातीला गुण किंचित कमी पडले. गोव्यात दहावीला आसनक्रमांक असतो, पण त्याआधी दहा वर्षे वहीवर आडनाव असते. निदान घटक चाचणीचे पेपर नाव झाकून तपासावेत. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शासनावर टाकली आहेच. तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या सभेत धनगरवाड्यावरून आलेल्या आईलाही विचारायला हवे की, तुमच्या मुलाला वर्गात कसे वागवतात?