हॅमस्ट्रिंग घेऊन जा गे मारबत

ही जी गर्दी दिसून राहिली ना, ही इतवारीतली. शनिवार, २३ ऑगस्ट २०२५, पोळ्याचा दुसरा दिवस. आणि ती मधात डुलत येऊन राहिली ती पिवळी मारबत. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, जवळपास १४० वर्षांपासून नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे मोठे पुतळे, निघतात, गल्लीबोळातून फिरवतात, मग नेऊन जाळतात, आणि सोबतचं पब्लिक ओरडतं, इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, ज्याला जे नको ते तो तिच्या गळ्यात टाकतो. मी ओरडलो, हॅमस्ट्रिंग घेऊन जा गे मारबत! बाजूचे काका वळून पाहायला लागले, म्हणे हा कोणता रोग बे?

तर काका, सांगतो. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, तो दुखावला का फुटबॉलवाला मैदानाबाहेर. आणि मी आर्सेनलवाला, म्हणजे इंग्लंडातल्या त्या फुटबॉल क्लबचा.

आत्याचा मुलगा मोहननगरला राहायचा. नागपुरात फुटबॉल म्हणजे एक मोहननगर आणि एक कामठी, बाकी आख्खं गाव क्रिकेटचं. त्याच्या घरी मी शाळेत असताना पहिल्यांदा मॅच पाहिली आणि नेमका सीझन कोणता, तर २००३-०४. ३८ मॅच, २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हरली एकही नाही. मला वाटलं टीम अशीच असते, हरतच नसते. तेव्हापासून आर्सेनलकडे इंग्लंडची प्रीमियर लीग आली नाही. २०२५ पर्यंत २१ वर्षं झाली. दादा आता दोन पोरांचा बाप आहे, मॅच पाहणं त्यानं सोडलं, मी अडकलो.

आणि मागचे तीन सीझन तर विचारूच नका. तिन्ही वेळा दुसरा नंबर. २०२३-२४ ला आपले ८९ पॉइंट, पहिल्या आलेल्या मँचेस्टर सिटीचे ९१. दोन पॉइंट भाऊ. दोन पॉइंटमधे काय येतं, एखादा पोस्टला लागलेला बॉल येतो.

पण मला खरी जी गोष्ट खटकते ती ही, हा कागद बघा, मी मे महिन्यात भिंतीवर चिकटवला तो अजून तसाच आहे, आईनं दोनदा काढायला लावला तरी. २०२४-२५. लिव्हरपूल चॅम्पियन, ८४ पॉइंट, हरले किती, ४. आपण दुसरे, ७४ पॉइंट, हरलो किती, ४. सेम! फरक सगळा ड्रॉमधे आहे. त्यांचे ९, आपले १४. म्हणजे आपल्याला कोणी हरवलं नाही, आपणच जिंकलो नाही, आणि हे जास्त लागतं. त्याच वर्षी जामठ्याला आपल्या विदर्भानं केरळसोबत फायनल ड्रॉ खेळली आणि पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या लीडवर रणजी घरी नेली. अख्ख्या गावात ड्रॉचे पेढे वाटले! मी पेढा खाता खाता विचार करून राहिलो का असा नियम इंग्लंडात काऊन नाही.

ड्रॉ होतात कसे तेही सांगतो. समोरची टीम दहाच्या दहा जण घेऊन बॉक्समधे बसते, आणि आपण डावीकडून उजवीकडे पास देऊन राहतो, परत उजवीकडून डावीकडे, जसं दिवाळीच्या आधल्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडला गाडी घातली. हॉर्न वाजतो, पुढं कोणी जात नाही. आणि पुढं जाणारे सगळे दवाखान्यात. डिसेंबरात साकाचं हॅमस्ट्रिंग, जानेवारीत जेझुसचा गुडघा, फेब्रुवारीत हॅवर्ट्झचं हॅमस्ट्रिंग, तेही मॅचमधे नाही, दुबईला प्रॅक्टिस करताना. शेवटी मेरिनोला, मिडफिल्डरला, पुढं उभं केलं आणि त्या माणसानं बेंचवरून येऊन लेस्टरला दोन गोल मारले. मी त्या रात्री खूप हसलो, आता वाटतं रडायला पाहिजे होतं.

म्हणून यंदा गोल मारायला योकेरेस आणला. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून एका सीझनमधे ५२ मॅचमधे ५४ गोल, अंगात शर्ट १४ नंबरचा, म्हणजे त्या न हरलेल्या टीमच्या आन्रीचा. आता प्रश्न असा का पोर्तुगालचे गोल इंग्लंडात कितीला विकले जातात? १७ ऑगस्टला मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डला पहिली मॅच, आपल्याकडे रात्रीचे ९. बाहेर पाऊस, आत आम्ही चौघं आणि एक युनायटेडवाला, तो तर्री पोहे घेऊन येतो म्हणून त्याला बसू देतो. जिंकलो १-०, गोल कालाफिओरीचा, डिफेंडरचा, तोही कॉर्नरवर. योकेरेस तासाभरानं बाहेर. युनायटेडवाला म्हणाला, हाच का तुमचा ५४ वाला? उत्तर नव्हतं, पोहे होते, पोहे खाल्ले.

मग आला हा मारबतीचा शनिवार. दिवसभर ओरडून घसा बसलेला, रात्री १० ला लीड्ससोबत मॅच. मॅचच्या आधीच नवीन घेतलेल्या एझेला मैदानात आणून दाखवला, जो पोरगा लहान असताना याच क्लबनं सोडून दिला होता, तो आपल्या दुश्मन टॉटनहॅमला नाही म्हणून आपल्याकडे आला, त्यातच आमचा अर्धा आनंद. आणि मग गोल सुटले. योकेरेसचे दोन, टिंबरचे दोन, साकाचा एक, ५-०. डाउमन नावाचं १५ वर्षांचं पोरगं उतरलं आणि त्यानं पेनल्टी काढून दिली, १५ वर्षांचा असताना मी ट्यूशन बुडवून फुटाळ्याला मक्याचं कणीस खाऊन राहिलो होतो.

पण थांबा. फर्स्ट हाफमधे आपला कॅप्टन ओडेगार्ड खांदा धरून बाहेर. सेकंड हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत का साका खाली बसला, हात मांडीच्या मागं. खोलीत कोणी बोलेना. ३-० नं पुढं असून मयतीला बसल्यासारखे बसलो होतो सगळे, आणि युनायटेडवाला हळूच म्हणाला, बे, तुझी मारबत ऐकून गेली वाटतं, पण उलटं ऐकलं.

आता ३१ ऑगस्ट. ॲनफिल्ड, लिव्हरपूल, रविवार, रात्री ९. साका नाही धरूनच चालायचं, ओडेगार्डचं माहीत नाही, आणि मोठ्या मॅचला आपण जिंकायला जातो का न हरायला, हा माझा सगळ्यात जुना प्रश्न, त्याचं उत्तर त्या दिवशी थोडंफार मिळेल. अडचण एवढीच का त्याच दिवशी घरी महालक्ष्म्या येऊन राहिल्या. जिथं टीव्ही आहे तिथंच दरवर्षी मखर लागतं, दुसरी भिंत नाही. आईला विचारून पाहिलं, टीव्ही फक्त दोन तास मागच्या खोलीत नेऊ का? ती म्हणाली, ने, पण मग दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या तूच निवडायच्या, रात्री.

तर पालक आणि मेथी मी ९ ला घेऊन बसणार आहे. गवार हाफटाइमला.