निवृत्त खेळाडू परत आला, तर जागा कुणाची जाते?

निवृत्ती जाहीर केलेला एखादा मोठा खेळाडू राष्ट्रीय संघात परत यायला तयार आहे, अशी बातमी आली की लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, संघाला गरज होती तेव्हा हा निघून गेला, आता कशाला हवा? दुसरा म्हणतो, असा खेळाडू स्वतःहून येतोय तर विचार कसला करायचा? या भांडणात एका माणसाचं नावही कुणी घेत नाही. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात प्रत्येक संघाला २६ खेळाडू नेता आले, २०१८मध्ये तर २३च. आकडा ठरलेला आहे. एक नाव वाढलं की एक कमी होतं. आणि जे कमी होतं ते बहुधा अशा खेळाडूचं असतं, जो दोन वर्षं पात्रता फेरी खेळलाय, दूरच्या मैदानांवर, कुणाला आठवणारही नाहीत असे सामने.

मी बोलणार आहे ते त्याला समोर ठेवून. तरीही माझं उत्तर ‘परत घ्यावं’ असंच आहे. मात्र त्याला अटी आहेत, आणि त्या खेळाडूइतक्याच संघालाही लागू आहेत.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करू. क्लबसाठी जोमात खेळत असताना देशासाठी खेळणं थांबवलं, तर ती लवकरची निवृत्ती. पण तिच्यामागची कारणं एकसारखी नसतात. २०१६च्या जूनमध्ये कोपा अमेरिका या अमेरिका खंडातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिना चिलीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. मेस्सीची स्वतःची पेनल्टी चुकली होती. तीन वर्षांत तिसरा अंतिम सामना हातून गेला होता, आणि २९ वर्षांच्या त्या माणसाने त्याच रात्री सांगून टाकलं की राष्ट्रीय संघ आता पुरे. ती निवृत्ती म्हणजे दुःख होतं. नवे प्रशिक्षक एदगार्दो बाउझा त्याला जाऊन भेटले, ऑगस्टमध्ये तो परतला आणि १ सप्टेंबरला उरुग्वेविरुद्ध गोलही केला. मधल्या काळात अर्जेंटिनाचा एकही सामना झाला नव्हता, म्हणजे त्याच्या जाण्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं आणि येण्याने कुणाची जागा गेली नव्हती. पुढच्या वर्षी, २०१७च्या ऑक्टोबरमध्ये, डोंगरातल्या कीटो शहराच्या उंचीवर इक्वेडोरने पहिल्याच मिनिटाला गोल केल्यावर मेस्सीने तीन गोल करून संघाला विश्वचषकात नेलं. हरल्यानंतरच्या तासाभरात उच्चारलेल्या शब्दांनी कुणाला कायमचं बांधून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

नॉर्वेची स्ट्रायकर आदा हेगरबर्गची गोष्ट पूर्ण वेगळी. २०१७मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, ती नॉर्वेच्या संघापासून दूर झाली. महिला फुटबॉलला ज्या प्रकारे वागवलं जातं त्याला तिचा विरोध होता. पुढच्याच वर्षी महिलांसाठीचा पहिला बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, तिला मिळाला, आणि २०१९चा विश्वचषक तिच्याशिवाय झाला. २०२२मध्ये ती परत आली आणि लगेच कोसोवोविरुद्ध तिने हॅटट्रिक केली. आता सांगा, इथे ‘तिला माफ करावं का’ हा प्रश्न तरी विचारता येतो का? खेळाडू तक्रार करून गेली असेल तर आधी तक्रारीचं काय झालं ते बघायला हवं. परतीचं पहिलं पाऊल अशा वेळी संघटनेने टाकायचं असतं.

आणि तिसरा प्रकार, केव्हिन-प्रिन्स बोआटेंगचा. घानासाठी २०१०चा विश्वचषक गाजवलेल्या या खेळाडूने २०११मध्ये, २४व्या वर्षी, थकव्याचं कारण देऊन राष्ट्रीय संघ सोडला. २०१३मध्ये विश्वचषक जवळ आल्यावर तो परतला. २०१४मध्ये ब्राझीलमध्ये, पोर्तुगालविरुद्धच्या निर्णायक साखळी सामन्याच्या दिवशी, बेशिस्तीवरून घानाने त्याला घरी पाठवलं. त्या संघात मानधनावरूनही मोठा गोंधळ होता, त्यामुळे सगळा दोष एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ज्याला हवं तेव्हा जाता येतं आणि हवं तेव्हा येता येतं, त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत असं बाकीच्यांना वाटू लागलं, की ड्रेसिंग रूम फुटायला वेळ लागत नाही.

मग परत घेताना कसोटी कोणती लावायची? सर्वात सोपी कसोटी वेळेची. काम बाकी असताना आला, की विश्वचषकाचं तिकीट हातात पडल्यावर? २००४च्या युरोनंतर, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेनंतर, झिदान, थुराम आणि मॅकेलेले या तिघांनी फ्रान्सचा संघ सोडला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत फ्रान्स अडखळला. घरच्या मैदानावर इस्राएल, आयर्लंड आणि स्वित्झर्लंड, तिघांशीही ०-० बरोबरी. २००५च्या ऑगस्टमध्ये हे तिघे परतले ते या अवस्थेत. सप्टेंबरमध्ये डब्लिनला आयर्लंडला १-०ने हरवलं, तो गोल थिएरी ऑन्रीचा, पण मधल्या फळीला पुन्हा आकार आला होता. पुढे २००६च्या विश्वचषकात बर्लिनच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल आणि ११०व्या मिनिटाला झिदानला लाल कार्ड, हे सर्वांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते आधीचं: ते धोक्याच्या सामन्यांसाठी आले. ज्या संघाला ते सोडून गेले होते, त्याच्यासोबत ते विश्वचषक हुकण्याचा धोका पत्करायला उभे राहिले.

ही कसोटी मला प्रिय आहे, पण कॅमेरूनचा स्ट्रायकर रॉजर मिला तिच्यात बसत नाही. १९९०च्या विश्वचषकासाठीची पात्रता फेरी तो खेळलाच नव्हता. तो हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर खेळत होता, ३८ वर्षांचा होता, आणि त्याला संघात घ्या असा आग्रह खुद्द कॅमेरूनचे राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी धरला. प्रशिक्षकाच्या कामात सत्तेची अशी ढवळाढवळ मला अजिबात मान्य नाही. पण मैदानावर काय झालं ते बघा. त्या स्पर्धेत मिला एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरात नव्हता. रोमानियाविरुद्ध उत्तरार्धात येऊन दोन गोल. कोलंबियाविरुद्ध पुन्हा बदली म्हणून येऊन जादा वेळेत दोन गोल, त्यातला दुसरा गोलरक्षक हिगिताच्या पायातून चेंडू काढून घेऊन. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो मध्यंतरानंतर आला, आणि काही काळ कॅमेरून आघाडीवरही गेला. ज्यांनी पात्रता मिळवून दिली होती ते सुरुवात करत, आणि हा समोरचा संघ दमल्यावर येई. मिलाला तासभर बाकावर बसणं जमलं, म्हणून ते पुनरागमन जमलं.

म्हणून वेळेच्या कसोटीपेक्षा कामाची कसोटी मी वर ठेवतो. कुठलं काम करायला येतोस, ते आधी ठरलं पाहिजे, आणि ते सगळ्या संघाला माहीत असलं पाहिजे. अलीकडचं सर्वात स्वच्छ उदाहरण जर्मनीच्या मधल्या फळीतल्या टोनी क्रोसचं. २०२१मध्ये तो थांबला. त्याच्याशिवाय जर्मनी २०२२च्या विश्वचषकात साखळीतच बाद झाला, आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक नागेल्समन यांचा संघ तुर्कस्तान आणि ऑस्ट्रियाकडून लागोपाठ हरला. २०२४च्या मार्चमध्ये क्रोस परतला. फ्रान्सविरुद्ध सामना सुरू होतानाच त्याने लांब पास टाकला आणि दहा सेकंदांच्या आत व्हिर्ट्झचा गोल झाला. लोकांना तो गोल आठवतो, मला त्याच्या आजूबाजूची मांडणी आठवते. क्रोसशेजारी मेहनतीचं, चेंडू हिसकावण्याचं काम करायला आन्द्रिश. कर्णधार ग्युन्दोआन पुढे सरकवलेला. गोरेत्स्का आणि हुमेल्ससारखी मोठी नावं युरोच्या संघाबाहेर. त्यांना दुखलं असणारच, आणि हुमेल्सचं वगळणं मला आजही पटत नाही. पण कोण कशासाठी आहे, याबद्दल कुणालाही संभ्रम नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून जादा वेळेत हार झाली, क्रोस कायमचा थांबला. त्या पराभवाने पुनरागमन चुकीचं ठरलं, असं मी मानत नाही.

याउलट भारताकडे पाहा. सुनील छेत्रीची निवृत्ती काही लवकरची नव्हती. ६ जून २०२४ला कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळला तेव्हा तो ३९चा होता. २०२४च्या पूर्ण वर्षात भारताला एकही सामना जिंकता आला नाही. मार्च २०२५मध्ये त्याला परत बोलावलं, मालदीवविरुद्ध ३-० विजय मिळाला, त्यात त्याचा हेडरही होता. पण सहा दिवसांनी बांगलादेशशी ०-०, आणि ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून घरच्या मैदानावर हार. २०२७च्या आशियाई चषकाचा रस्ता बंद. छेत्री आला यात त्याचं काहीच चुकलं नाही. हाक आली आणि तो उभा राहिला. चाळिशीतल्या माणसाला हाक मारावी लागली, हे दुखणं आहे. परत बोलावलेला खेळाडू काही महिन्यांची सोय करू शकतो. तेवढ्या काळात पुढचा स्ट्रायकर घडवायचा विचार झाला नाही, तर ते महिने फुकट जातात.

एक मुद्दा नियमाचा. फिफाच्या नियमांनुसार राष्ट्रीय संघाने बोलावलं तर खेळाडूने जाणं बंधनकारक आहे. २००६च्या विश्वचषकानंतर मॅकेलेलेने पुन्हा निवृत्ती जाहीर केली होती, तरी फ्रान्सने त्याला बोलावलं आणि त्याला जावं लागलं. मला हे पटत नाही. शरीर दुखतंय, मन विटलंय, घरी लहान मूल आहे, यातल्या कुठल्याही कारणाने थांबलेल्या माणसाला कागद दाखवून आणू नये. येणारा स्वेच्छेने यावा.

इथे बसलेल्या प्रशिक्षकांना माझं सांगणं आहे. उद्या तुमच्या संघात असं कुणी परत येणार असेल, तर बातमी बाहेर फुटण्याआधी ज्याचं नाव कापलं जाणार आहे त्याच्याशी बोला, समोरासमोर, आणि कारण फुटबॉलचं द्या: तो कुठे कमी पडतो, येणारा तिथे काय करेल. मग परतणाऱ्याला सांगा की जुनी अकरात असण्याची हमी संपली, सरावात जो दिसेल तो खेळेल, आणि तूही बाहेर बसू शकतोस. याला तो ‘हो’ म्हणाला तर त्याला आनंदाने घ्या. कर्णधाराची पट्टी मात्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्या.